आईच्या हाताच्या मसाजची पाळी आज बाबांची

बाबा,

मी नाटकाच्या तालमीला चाललेय, उशीर होईल. आईच्या सुजलेल्या हाताचा मसाज आज तुमच्याकडे.

गॅरेजमधला नट आवळल्यासारखा जोर लावू नका. कातडी जेमतेम सरकेल इतकाच हलका हात हवा. आणि बोटांपासून सुरुवात नको. आधी मान आणि दुसऱ्या, चांगल्या बाजूची काख, मग खांदा, दंड, शेवटी बोटं. पुढची वाटच तुंबलेली असेल तर हातात साठलेलं पाणी जाणार कुठे, हे मेकॅनिकला मी काय सांगू?

मध्ये छातीवर कॅन्सरच्या ऑपरेशनचा वण लागेल. तिथे हात उचलून पलीकडे उडी मारू नका. आई डोळे मिटून पडते, पण तिला कळतं. आता तिथे दुखत नाही, मी विचारलंय. तुम्हीही एकदा विचारून बघा.

तुमची डॉक्टरीणबाई