सुक्याचा ड्रम

आई, आज रविवार आहे, किचन बंद आहे, तरी मी इथेच येऊन बसलेय. घरी बसवेना. सकाळपासून तीनदा गॅसचे नॉब तपासले, दोनदा फ्रिज पुसला, आणि मागच्या दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या दोन ड्रमांकडे मात्र अजून फिरकले नाही. उद्या सकाळपर्यंत कंपनीला एक फॉर्म भरून पाठवायचाय आणि त्यात एका बाईचं नाव लिहायचंय. नाव लिहिलं की तिचं काम गेलं. नाही लिहिलं तर कंपनीचं काम जाऊ शकतं, आणि आपले निम्म्याहून जास्त डबे त्याच एका ऑफिसात जातात, म्हणजे मग सगळ्यांचंच गेलं. तुला सांगून काही होणार नाही हे मला कळतं. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही, कारण ती मुळात तुझी आहे.

शुक्रवारी कंपनीचे लोक तपासणीला आले होते. वर्षातून एकदा येतात. पूर्वी पाण्याची टाकी बघायचे, बायकांच्या डोक्यावर टोप्या आहेत का बघायचे आणि चहा पिऊन जायचे. हल्ली सगळ्यात जास्त वेळ कचऱ्यापाशी उभे असतात. आमटीला चव कशी आहे ते कुणी विचारत नाही, साली कुठे जातात ते विचारतात. मी अगदी ऐटीत होते. या बाबतीत आपलं किचन पेणकरपाड्यातल्या कुठल्याही गाळ्यापेक्षा नीट आहे, असं मी स्वतःच लोकांना सांगत सुटलेली असते ना! ओल्याचा हिरवा ड्रम उघडून दाखवला. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, प्लास्टिकचा एक कपटा नाही. तळणीचं उरलेलं तेल वेगळ्या कॅनमध्ये, ते नेणारा माणूस ठरलेला. फुटलेली बरणी कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून, बाजूला. मग सुक्याच्या निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. दाबून बसवलेले पुठ्ठे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, फॉइलचे चोळामोळा केलेले गोळे, आणि त्या सगळ्यावर सुक्या बोंबलांची डोकी आणि शेपट्या. थोड्याथोडक्या नाहीत, चांगल्या सूपभर. आपल्या माणसांच्या जेवणासाठी त्या दिवशी चटणी केली होती. त्यांच्यातल्या मॅडमनी ओढणी नाकाला लावली. पुठ्ठ्यांना असा वास लागला होता की भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. “ये किसने डाला?” त्यांनी विचारलं.

टाकलं होतं मावशींनी. आठ महिन्यांपासून भाज्या निवडायला-चिरायला येतात, साठीच्या आहेत, तुझ्याच चौक गावच्या. बस, मग रिक्षा, असं करत रोज आठच्या आत हजर. त्या हात पुसत पुढे आल्या. “मीच टाकला. सुका हाय ना त्यो? मंग सुक्याच्या ड्रमान टाकला.” आणि त्यांनी ड्रमवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या हाताने, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे, ‘सुका’. बाकी काही नाही. आई, दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मी झाकण लावून टाकलं, आणि जाताना मॅडमनी हा फॉर्म माझ्या हातात ठेवला.

चौकसारख्या गावात लहानाची मोठी झालेली बाई ओला-सुका म्हटल्यावर कचऱ्याचा विचार कशाला करील? ओला म्हणजे आज होडीतून उतरलेला, सुका म्हणजे उन्हात वाळवलेला. भाईंदरच्या बाजारात पाटी घेऊन बसायचीस तेव्हा दिवसभर हेच दोन शब्द तुझ्या तोंडी असायचे. “ओला देऊ का सुका देऊ?” शाळेतून येऊन मी तुझ्या मागे गोणपाटावर बसून अभ्यास करायची आणि गणितं सोडवताना कानावर तेच पडायचं. हे मला माहीत नव्हतं असं मी कुणाच्याही शपथेवर म्हणू शकत नाही.

आणि कचरा वेगळा करणं तुला कुणी शिकवायची गरज होती का? बाबा गेल्यावर तू मासळी सोडून घरातून डबे द्यायला लागलीस तेव्हा आपल्याकडे ‘कचरा’ नावाची वस्तूच नव्हती. कोबीचा पाला आणि साली बकऱ्यावाल्या आजींकडे. माशांची डोकी माडाच्या बुंध्यात. दुधाच्या पिशव्या विसळून दोरीवर चिमट्याने लटकवलेल्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, एवढी दुधाच्या पिशव्यांची तोरणं, तुमच्याकडे रोज गाईचं लग्न असतं वाटतं. तेलाचे डबे, पत्रे, बाटल्या वेगवेगळ्या पोत्यांत, आणि भंगारवाला आला की तू त्याच्याशी अशी हुज्जत घालायचीस की तो बिचारा दुसऱ्या दाराला जायचा विचार करायचा. उरलेलं तेल मोरीत ओतलं म्हणून एकदा तू मला पाठीत धपाटा घातला होतास. “मोरी कुठं जाते म्हायत हाय तुला? आपल्याच दर्यात जाते.” मी आठवीत होते. दर्या ‘आपला’ आहे हे ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं, आणि हसले म्हणून दुसरा धपाटा.

हा गाळा मी घेतला तेव्हा लोकांनी तसबिरी दिल्या, घड्याळं दिली. तू टेम्पोत घालून झाकणाचे दोन मोठे ड्रम आणलेस, एक हिरवा, एक निळा. मला इतका राग आला! पाहुण्यांसमोर आईची भेट म्हणजे कचऱ्याचे ड्रम. तुला ते अजिबात लागलं नाही. तू त्यांची झाकणं उघडून-लावून सगळ्यांना दाखवत होतीस की बघा, किती घट्ट बसतंय, मांजर तोंड घालणार नाही. पुढे घंटागाडीवाल्यांनी ओला आणि सुका वेगळा द्या असं सांगितलं, तेव्हा मी ब्रश घेऊन त्या ड्रमांवर ते दोन शब्द लिहिले. तू बाजूला उभी होतीस. म्हणालीस, “सुका म्हंजे सुका ना?” मी फोनवर होते, कुणाशी तरी पनीरच्या भावावर भांडत होते. मान हलवली. हो म्हटलं.

मग तो दिवस. कंपनीचं काम अजून मिळालेलं नव्हतं, पहिल्यांदाच बघायला येणार होते. तू नेहमीप्रमाणे सकाळपासून पाट्यापाशी. चटणी तूच केलीस, बोंबील तूच साफ केलेस, आणि मी सांगितल्याप्रमाणे, अक्षरशः मी सांगितल्याप्रमाणे, डोकी सुक्याच्या ड्रममध्ये टाकलीस. त्यांनी झाकण उघडलं. तेव्हाची मॅडम वेगळी, प्रश्न हाच. तू पुढे झालीस, हात पदराला पुसलेस आणि तोंड उघडणार इतक्यात मीच ओरडले, “किती वेळा सांगितलं, मावशी!” आणि मॅडमकडे वळून म्हटलं, “नई बाई है मॅडम, गाँव से आयी है, समझती नहीं।”

मी तुझ्याकडे बघितलं नाही, पण कानांनी तर ऐकलंच. तू एक क्षणही घेतला नाहीस. “हां मॅडम, मैं नवी हाय. चुकी झाला, फिर नाय होनार.” तुझी ती बाजारातली हिंदी. मग तू खाली बसलीस, निळ्या ड्रममध्ये हात घालून एकेक डोकं, एकेक शेपटी वेचून पदरात घेतलीस आणि हिरव्या ड्रममध्ये नेऊन टाकलीस. मॅडम म्हणाल्या, “देखो, सिखाओगे तो सीख जाते हैं।” मी हसले. हो, हसलेसुद्धा.

रिक्षात तू विचारलंस, “काम मिळाला ना?” मी म्हटलं, मिळालं. “मंग झाला,” म्हणालीस आणि कोथिंबीर किती महाग झालीय त्यावर बोलायला लागलीस. तू भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तुझं भांडण मला ठाऊक होतं, त्याला उत्तर देता आलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून तू विचारायला लागलीस. “यो कुठं टाकू?” लसणीची साल हातात धरून, “यो कुठं टाकू?” अंड्याचं टरफल, नारळाची करवंटी, तुटलेलं रबरबँड. जिने आयुष्यात कधी कुणाला काही विचारलं नव्हतं, ती बाई प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या तोंडाकडे बघायची. मी चिडायचे. “आई, तुला कळत नाही का?” बघ, तेव्हा तोंडात आई हा शब्द बरोबर यायचा, कारण तेव्हा कुणी ऐकत नसायचं. तू जाईपर्यंत विचारत राहिलीस.

आणि मी ते अक्षर बदललं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. खाली लिहायचं, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. एवढंच. पण बदललं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का बदललं, आणि मग चूक लिहिणारीची होती हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून ऑइलपेंट अजून चांगला आहे, उगाच कशाला, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. घाणीला नाक मुरडणारी मी, आणि ही घाण रोज डोळ्यांसमोर ठेवून फिरत होते.

काल शनिवारी मावशी लवकर आल्या. फॉर्मचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पालेभाजीची जुडी सोडता सोडता खाली मान घालून म्हणाल्या, “ताई, माजा नाव लिवा. सांगा नवीन होती, काढली. तुमचा काम नको जायाला. मना काय, दुसरीकडं मिळंल.” मी एकदम अंगावर धावून गेल्यासारखी ओरडले, “तुम्ही गप्प बसा! कोण नवीन? आठ महिने झालेत तुम्हाला!” त्या दचकल्या. त्यांना वाटलं मी रागावले. रागावलेच होते, पण त्यांच्यावर नाही. तुम्ही सगळ्या चौकच्या बायका एकत्र बसून हे ठरवलंय का गं, की चूक कुणाचीही असो, आपण पुढे व्हायचं आणि नवीन आहोत म्हणून सांगायचं? त्यांच्या मुलाचं काम सुटलंय, घरी त्या एकट्याच कमावतात. दुसरीकडं मिळंल म्हणे. रात्री... नाही, रात्रीचं जाऊ दे, झोप लागली नाही एवढंच.

आत्ता उठून आधी ब्रश शोधला. ‘सुका’च्या खाली लिहिलं, ‘कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, फॉइल’. हिरव्यावर लिहिलं, ‘साली, देठं, खरकटं, मासळी ओली आणि सुकी’. अक्षर वाकडं आलं. मग फॉर्म घेतला. चूक करणाऱ्याचं नाव, तिथे माझं नाव घातलं. कारण, सूचना अर्धवट लिहिली होती, ती मी लिहिली होती. काय कारवाई केली, सूचना बदलली. मावशी कामावर राहतील. पुढचा रकाना होता, याआधी असा प्रकार घडला आहे का, घडला असल्यास कोणाकडून. इथे मी चहा केला, तो प्यायले नाही, बाहेर गेले, आत आले. त्यांच्या जुन्या कागदांत कुठेतरी ‘नवीन कामवाली’ असं लिहिलेलं असणार. मी लिहिलं, हो, एकदा, माझ्या आईकडून. चूक तेव्हाही तिची नव्हती. आणि पाठवून दिलं, उद्याची वाट न बघता, कारण उद्यापर्यंत मी ते खोडलं असतं हे मला माहीत आहे. आता काय उत्तर येईल ते येईल.

वाटलं होतं, पाठवल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. फॉर्मला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं, पण एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसली नाही, आणि हे पत्र कुठेच पोचणार नाही म्हणूनच ती इथे लिहितेय. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की त्या दिवशी मी घाबरले आणि ‘मावशी’ हा शब्द तोंडातून निसटला. तो निसटला नव्हता, आई. त्या सकाळी घरी आरशासमोर उभी असताना मी ठरवून ठेवलं होतं, कुणी विचारलंच तर आई म्हणायचं नाही. तेव्हा तू खाली बसून माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होतीस.