बाळाला ऐकू येतं म्हणे

४ जून
सहावा लागला. बाळाला आता ऐकू येऊ लागतं म्हणे!
डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर वाचलं, पण खात्री वाटेना. मग नवऱ्याने खुणांनी सांगितलं – बाहेरचा आवाज आत पोचतो. केवढा खुलला होता! मीही हसले. पण लगेच मशीन आठवली. माझे कान चौथ्या वर्षी तापात गेले. कारखान्यात पुठ्ठे कापायच्या दणदणत्या मशीनवर मलाच उभं करतात, कारण मला त्रास नाही. आता आत जे आहे, त्याला आहे.

५ जून
मशीन किती वाजते ते मला माहीतच नाही. तळपायांना दणका कळतो, तेवढंच. शेजारच्या ताईंना विचारलं. त्यांनी दोन्ही कान गच्च दाबून दाखवले. एवढं?

६ जून
मुकादमाला मोबाइलवर लिहून दाखवलं – दुसरं काम द्या. हसला. "तुझ्या कानांत तर कायमचे बोळे!" मी पोटाकडे बोट केलं. हसू मावळलं. उद्यापासून खोकी चिकटवायच्या टेबलावर. पण इतके दिवस जे ऐकवलं, त्याचं काय?

११ जून
बेंबीखाली काळी रेघ उमटलीय. पोटऱ्यांत गोळे, जेवलं की छातीत जळजळ. व्हायचंच, म्हणतात सगळे. असू दे.
आज नवऱ्याच्या हातून झाकण पडलं. मला पत्ता नाही – पण बाळ दचकलं! मग खाली पाहिलं, तर झाकण अजून गरगरत होतं. जिथे मी कधीच जाणार नाही, तिथे हे आत्ताच जाऊन बसलंय.

१५ जून
सासूबाई रोज माझ्या पोटाशी वाकून बोलतात. वाकल्या की ओठ दिसत नाहीत. पोट माझं, आणि मलाच काही कळत नाही! नवऱ्याला विचारलं. "काही नाही गं, असंच." असंच म्हणजे काय? सांगत असतील – तुझ्या आईला ऐकू येत नाही, काही लागलं तर मला हाक मार. आणि ते मारेलच.

१६ जून
आज त्या वाकल्या, तशी मी उठून गेले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग माझ्यामागे आल्या, समोर बसल्या. एकेक शब्द सावकाश – "अगं, मी त्याला तुझंच सांगते. आज आई दमली. आज आई रुसली. पण आवाज माझाच जातो ना आत. तुझा कधी ऐकवणार?"
मी मान हलवली. मला कुठे आवाज आहे!
"तुझे कान गेले. आवाज कुणी नेला?"
काय सांगू? शाळेत धडा वाचायला उभं केलं होतं. सगळा वर्ग बाकांवर लोळून हसला. हसणं काय, दिसतंच. तेव्हापासून तोंड बंद. लग्नाला तीन वर्षं झाली, नवऱ्यानेही माझा शब्द ऐकलेला नाही.

१७ जून
तोंड उघडलं. नाहीच जमत.

१९ जून
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कुणी नव्हतं. पोटावर हात ठेवला आणि म्हटलं – बाळा. कसं निघालं, देव जाणे! आतून ढुशी. परत म्हटलं. परत ढुशी!
वळले तर मागे नवरा. डोळे भरलेले. बादली खाली ठेवून त्याने खूण केली – अजून एकदा.