तुझ्या हातची बाटली

प्रिय ताई,

फोन करणार होते, पण तोंडाने बोलायला गेले की मी एक तर भांडते नाही तर रडते, तुला माहीतच आहे. म्हणून लिहितेय. तुझी भाची मजेत आहे. वजन वाढलंय, कालपासून पायाचा अंगठा तोंडात घालायला शिकलीय. अंगठा चालतो, बाटली मात्र चालत नाही. तू गेल्यापासून बाटलीचा एक घोट घेतला असेल तर शपथ! आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. मालकांनी स्वच्छ सांगितलंय, आता एक दिवसही रजा वाढणार नाही. माझ्या जागेसाठी त्यांनी एकीला बघूनही ठेवलंय.

गंमत बघ, लोकांच्या तोंडात चपखल बसतील अशा कवळ्या बनवण्यात माझी दहा वर्षं गेली आणि पोटच्या पोरीच्या तोंडात एक निपल बसेना! तिच्या बाबांनी प्रयत्न केला, तर त्यांच्या शर्टाला दूध आणि हिचा घसा कोरडा. वाटी-चमच्याने पाजावं तर निम्मं मानेवरून ओघळतं. मी दूध काढून काढून फ्रिज भरलाय, पण पिणारीने जिभेने ढकलून दिलं की सगळे उपाय संपले.

तिला बाटलीची सवय लावायला तू आलीस, तो पहिला दिवस आठव. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, आई जवळ असली की बाळ बाटलीकडे ढुंकूनही बघणार नाही, आईने सरळ घराबाहेर जावं. मी जिन्यात जाऊन बसले. खरं सांगू? ती भोकाड पसरेल याचीच वाट बघत होते. आधी जराशी कुरकुरली, मग तुझं बोलणं ऐकू आलं, मग काहीच नाही. राहवेना, म्हणून दार किलकिलं करून पाहिलं. तू तिची पाठ तुझ्या छातीशी टेकवून, तिचं तोंड खिडकीकडे करून रस्त्यावरच्या गाड्या दाखवत होतीस आणि बाईसाहेब चुटुचुटु पीत होत्या. इकडे मला पान्हा फुटून कपडे भिजले. थोड्या वेळाने रिकामी बाटली नाचवत तू बाहेर आलीस, संपवली गं बाई सगळी, म्हणालीस. मी हसले. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चार महिने मी रक्ताचं पाणी केलं आणि ही बया पहिल्याच दिवशी फितूर!

आई सांगायची ना, लहानपणी मी तिच्या हातून जेवायचेच नाही, थोरलीनेच भरवायला हवं. हसत सांगायची, पण सांगून झालं की उठून भांडी घासायला लागायची, जरा जास्तच जोरात. मला आत्ता कळतंय ते. शाळेत बाईंची लाडकी तू, शेजारच्या काकूंची लाडकी तू, त्यांचा कुत्रासुद्धा शेपूट हलवायचा तो तुला बघून. मी म्हणायचे, असू दे. पण माझी मुलगी तरी माझी राहू दे की! हेवा वाटला गं तुझा. लिहायला लाज वाटते, पण वाटला. तुझ्या खांद्यावर तिने ढेकर दिला तेव्हा मी तिला जवळजवळ हिसकावूनच घेतलं. तुला वाटलं, मला प्रेमाचं भरतं आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती हटून बसली. तू काय काय नाही केलंस! निपल कोमट पाण्यात धरलंस, माझा वापरलेला गाऊन खांद्यावर घेतलास, तिला घेऊन घरभर येरझाऱ्या घातल्यास. ती तोंड फिरवायची ती फिरवायचीच. चौथ्या दिवशी तू बाटली ओट्यावर ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, मला मूल झालं नाही ते उगीच नाही, माझ्या हातातच ते नाही, लेकरांना बरोबर कळतं. मग पिशवी भरलीस. मी तुला थांब म्हटलं नाही. बसपर्यंत सोडायला आले आणि वाटेत हवेपाण्याच्या गप्पा मारल्या.

ताई, लेकरांना काही कळत नाही. तिचं पोट भरलेलं होतं. तिचे कपडे बदलून आणते असं सांगून मी तिला आतल्या खोलीत न्यायचे, कडी लावायचे आणि गळ्यापर्यंत पाजायचे. मग तुझ्या हातात देऊन जिन्यात जायचे, आणि ती रडली की मला बरं वाटायचं. तीन दिवस हे केलं. तू ते बोललीस तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. नोकरी राहील नाही तर जाईल, त्याचं बघू. पण तू तिथे एकटी बसून स्वतःच्या हातांना दोष देत असशील, या विचाराने मला घास गिळवत नाही. तुझ्या हातात काहीही कमी नव्हतं गं. तू रागावली असशील तर पोटभर रागाव, पण रविवारी ये. या वेळी न पाजता देईन तिला तुझ्याकडे. ती तुझ्या हातून घटाघटा पिईल आणि माझा जळफळाट होईल. होऊ दे.

तुझीच,
तुझ्याशी खोटं वागलेली धाकटी