खालच्या खोलीचं छत

४ फेब्रुवारी

भिंती चढल्या! अंगणाच्या पोटात छोटीशी खोली. हिचं डोकं दुखायला लागलं की उजेड नको, आवाज नको, चमचा पडला तरी कळवळते – म्हणून जमिनीखाली. आता छत. त्यावर माती, फरशी, आमची मोटार. शिवाय कचऱ्याची गाडी वळायला आमच्याच अंगणात शिरते. आणि त्या सगळ्याखाली ही झोपणार, डोळे मिटून, माझ्या भरवशावर.

५ फेब्रुवारी

मेहुणी नकाशा घेऊन आली. इमारतींचे असले हिशेब करणं हाच तिचा व्यवसाय. स्लॅब आठ इंची, सळ्या खालच्या अंगाला दाट. मी म्हटलं, बारा इंची करू.

"भाओजी, जाडी वाढवली की स्लॅब आधी स्वतःचंच ओझं वाहत बसतो. तुमच्यासारखा."

ही आतल्या खोलीतून हसली. बऱ्याच दिवसांनी.

तरी विचारलंच – कचऱ्याची गाडी धरलीस? "धरली." भरलेली? "भरलेली, ओली आणि रुतलेली!"

८ फेब्रुवारी

हिला विचारलं, छताची भीती वाटते का? "नाही." जेवताना पुन्हा विचारलं. "नाही म्हटलं ना." संध्याकाळी पडली होती तेव्हा अगदी हळू आवाजात विचारलं, बारा इंची असतं तर बरं वाटलं असतं का? हिने उशी डोक्यावर ओढून घेतली.

भीतीच ती. बोलून दाखवत नाही, एवढंच.

१४ फेब्रुवारी

स्लॅब टाकला. आधी सळ्या मी स्वतः तपासल्या. मिस्त्री म्हणाला, "साहेब, सळी जागेवरच आहे. तुमचा पाय काढा तिच्यावरनं."

१५ फेब्रुवारी

पाणी मारलं. पुन्हा मारलं. चैन नाही.

६ मार्च

पुढच्या आठवड्यात टेकू काढायचे. मग? नुसतं अधांतरी?

मिस्त्रीकडून खोलीच्या मधोमध एक भिंत बांधून घेतली, थेट छताला भिडवून. मेहुणीला विचारलं नाही. आधार जास्त झाला तर कुणाचं काय बिघडतं!

७ मार्च

बिघडतं. मेहुणीने भिंत बघून कपाळावर हात मारला. "स्लॅब दोन कडांवर टेकणार म्हणून सळ्या खाली घातल्या. मधे भिंत दिलीत की तो तिच्यावरून दोन्हीकडे वाकणार आणि वरून तडकणार. वर सळी आहे का तिथे? नाही! मग पाणी झिरपणार ते ताईच्या अंगावर." टेकू काढायच्या आधी भिंत पाडायची. जाताना म्हणाली, "मदत जरा कमी करा, भाओजी."

मी हिची काळजी करतो, की माझी काळजी करायची हौस भागवतो? खरंच कळत नाही. हिलाच विचारावं का? – नको. झोपली आहे.

तरी एकदा डोकावून आलो.

१२ मार्च

भिंत पाडली, टेकू काढले. कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी खाली उभा होतो. वर घरघर, अंगाला जरा थरथर, बस्स. धुळीचा कणही पडला नाही! धावत वर जाऊन हिला सांगितलं. दोनदा.

१३ मार्च

ही पहिल्यांदाच खाली उतरली. छताकडे बघितलंसुद्धा नाही. दाराची कडी चाचपून म्हणाली, "ही आतून नीट लागते ना?"

मी बाहेर आल्यावर तिने ती लावून घेतली.