अंगदचा हात

जालना,
२३ जानेवारी २०२५

तीर्थरूप गोजरमावशीस,

दैवशालाचा पायाला हात लावून नमस्कार. थंडीनं गुडघे धरले असतील. गोळ्या जेवणानंतर घे, उपाशीपोटी नको. फोनवर हे बोलायला मला जमणार न्हाई, म्हणून लिहून राह्यले. पोथी वाचताना तुला दिसतं तेवढं मोठं अक्षर काढलंय. दुसऱ्या कोणाला वाचायला सांगू नकोस.

इकडं सगळं बराबर चालू आहे. जालन्यातल्या दोन्ही जिम भरलेल्या असतात. दवाखान्यांत, जिनिंगवर, मुलींच्या होस्टेलवर माझ्या एजन्सीच्या बायका पहाऱ्याला आहेत. परवा आणखी एका कारखान्यानं बोलावलं. मी लढणं सोडलं तव्हा सगळे म्हणले, आता ही खाईल काय. मी बक्षिसाच्या पैशात गाडी घेतली न्हाई, जागा घेतली. आज बँकेत गेले की साहेब खुर्ची पुढं करतो. माझं मोडलेलं नाक बघून आधी दचकतो, मंग चहा सांगतो.

तू मला नेहमी विचारायचीस, लढतीच्या त्या जाळीच्या पिंजऱ्यातला मार तू खातीस कशी. दिल्लीत एकीनं कोपर मारून माझी भुवई फाडली होती. रक्त डोळ्यात उतरून एक डोळा बंद झाला. मी तिला खाली पाडलं आणि पंच मधी पडेपर्यंत तिच्या तोंडावर ठोसे मारत राह्यले. तिचे दोन दात चटईवर पडलेले मी बघितले. टाके घालताना डॉक्टर म्हणला, सुई टोचली तरी हलत न्हाईस तू. मी म्हणले, सवय आहे. त्याला वाटलं, खेळाची.

आता रविवारचं. वाटूर फाट्यावरच्या नव्या जिमच्या उद्घाटनाला तू आली न्हाईस. तुझ्या लेकानं, अंगददादानं, घरी काय सांगितलं ते संपतभाऊंकडून कळलं. चेष्टेत दोन डाव खेळत होतो म्हणे, हात आडवा आला, मोडला. तसं झालं न्हाई मावशी.

सरपंच म्हणून संपतभाऊंच्या हातानं फीत कापली. भाषणं झाली. मंग दादानं माईक घेतला. पुढं दीडदोनशे माणूस, पहिल्या रांगेत माझ्याकडं शिकणाऱ्या पोरी बसलेल्या. दादा म्हणला, "आज आमची दैवशाला लाखात खेळती. पण हिला घडवलं कोणी? मी. लहानपणी माझ्या हातचा मार खाऊन हिचं अंग लोखंडाचं झालं. कासऱ्यानं मारलं, पाइपानं मारलं, पण कधी मोठ्यानं रडली न्हाई. आता ती दादाला ह्या जिममधी भागीदार करणार का न्हाई, ते तिलाच विचारा."

लोक हसले. संपतभाऊंनी टाळी दिली. मीपण हसले. तोंड आपोआप हसलं, त्याचा मला अजून राग येतो.

मी माईक घेतला. म्हणले, "दादा, तुम्हीच शिकवलं म्हणता, तर मंग या पिंजऱ्यात. पोरींना दोन डाव दाखवू."

त्याला न्हाई म्हणता आलं न्हाई. सदरा काढून आत आला. माझ्या दीडपट वजन, जुना पैलवान. म्हणला, "हलकं हलकं खेळू." आणि पहिल्याच झटक्यात माझ्या कानफटात दिली. उघड्या पंजाची, उजव्या कानावर. ह्या कानानं मला कमी ऐकू येतं ते खेळामुळं न्हाई. मी सातवीत होते तव्हापासूनचं आहे ते. तुला ठाऊक आहे.

मंग मी त्याला उचलून आपटलं. दोन ठोसे दिले, ओठ फुटला. त्याचा उजवा हात माझ्या दोन्ही मांड्यांत धरला आणि कोपर उलटं ताणलं. आमच्या खेळात एक नियम आहे. सहन होईना की माणूस तळहातानं समोरच्याला थापटतो. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. दुसरी दयामाया त्या पिंजऱ्यात न्हाई, एवढी एकच आहे.

दादानं थापा मारल्या. माझ्या पायावर, डाव्या हातानं, लोकांना दिसणार न्हाईत अशा. वर म्हणला, "दैवे, सोड."

मी सोडलं न्हाई.

पायाखाली वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. त्या कानानंपण मला ऐकू आला. मंग मी मोडलेला हात आणखी एकदा पिळला. तो ओरडला तव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हव्हते. हॉलच्या दाराकडं बघत होते, तू येतीस का म्हणून.

कडब्याची खोली तुला आठवत असंल. आई गेल्यावर बापानं मला तुझ्याकडं सोडलं, त्याच साली दादानं मला पहिल्यांदा तिथं मारायला नेलं. कधी शेळी सुटली म्हणून, कधी दुधावरून, कधी उगंच. मी आतून दाराला तळहातानं थापा मारायचे. बाहेरची कडी तुझ्या हातात असायची. तुझ्या बांगड्या वाजायच्या. एकदा तू फटीतून म्हणलीस, "ओरडू नको बाई, शेजारी ऐकतील." नंतर तू हळद लावायचीस आणि रडायचीस. मला खेळायला जालन्याला पाठवायचं म्हणून तू कोंबड्या इकल्या, तेपण मी विसरले न्हाई. दोन्ही तूच केलंस. दोन्हीची बेरीज मला आजवर जमली न्हाई.

संपतभाऊंनी निरोप दिला आहे. येऊन दादाची माफी माग, वाटूरच्या जिममधी निम्मी भागीदारी दे, मंग दादा पोलीसमधी जाणार न्हाई. वकील म्हणतो, काहीच देऊ नका, लोकांनी काढलेल्या व्हिडिओत थापा दिसत न्हाईत. दादा स्वतः तर त्या कबूल करणार न्हाई. बाईपुढं सुटका मागितली असं म्हणण्यापेक्षा तो दुसरा हात मोडून घेईल.

पण कौसल्यानं बघितलं. मी शिकवलेली सगळ्यात पहिली पोरगी, जाळीला चिटकून उभी होती. गर्दी पांगल्यावर तिनं विचारलं, "ताई, त्यानं थाप मारल्ती ना?" मी म्हणले, "न्हाई." तिनं हातमोजे टेबलावर ठेवले आणि गेली. तव्हापासून आली न्हाई. मी ह्याच पोरींना रोज सांगते की थाप पडली की सोडा.

म्हणून मी उद्या परतूरला पोलीस ठाण्यात जाऊन लेखी देणार आहे. त्यानं सुटका मागितली आणि मी दिली न्हाई. जे होईल ते होवो. एजन्सीचं लायसन गेलं तर जाऊ दे. दादाच्या ऑपरेशनचा सगळा खर्चा माझ्याकडं. भागीदारी मिळणार न्हाई आणि माफीपण न्हाई. खरं सांगू तर त्याचा हात मोडला ह्याचं मला वाईट वाटत न्हाई. वाटावं म्हणून बसून बघितलं. वाटलं न्हाई.

तुझ्या औषधपाण्याला मी पैसे धाडते, त्याला ह्यातलं काही लागू न्हाई. तू माझ्या बाजूनं बोल, न्हाईतर गप बस, ते चालूच राहील.

हे इथंच संपवणार होते. पण काल मीनावहिनीचा फोन आल्ता. मला वाटलं, नवऱ्यासाठी भांडतील. त्या लई हळू बोलल्या. एवढंच विचारलं, "ताई, प्लास्टर किती दिवस राहतंय?" मी म्हणले, दीड महिना तरी. त्या म्हणल्या, "बरं," आणि ठेवून दिला.

मावशी, तो प्रश्न दादाच्या काळजीनं विचारलेला न्हव्हता. दीड महिन्यानं प्लास्टर निघंल, त्याचा हात परत मोकळा होईल. त्या दिवशी वहिनी त्या घरात असतील, आणि तूपण असशील.

तुझ्याच घरात वाढलेली,
दैवशाला