जांभळा झेंडा

४ मार्च, मंगळवार

जेलीफिश! अगदी देवासारखे धावून आले!

सकाळी साडेनऊला जहाजानं नांगर टाकला, छोट्या होडीतून आम्हांला किनाऱ्यावर सोडलं, आणि पाहतो तर वाळूत जांभळा झेंडा. झेंड्याखाली गळ्यात शिट्टी अडकवलेला जीवरक्षक. म्हणाला, "आज पाण्यात कुणी उतरायचं नाही. जेलीफिश आलेत." सगळी मंडळी हिरमुसली. मी एकटाच आनंदानं उडी मारायच्या बेतात होतो! तोंड पाडून उभा राहिलो — जमलं तेवढं.

कारण इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. लग्न ठरताना बायकोची (हा शब्द लिहिताना अजून कान गरम होतात) एकच अट होती — मुलाला पोहता आलं पाहिजे. शिक्षणाचं तिनं विचारलंच नाही. आठवीत शाळा सुटली हे मी आपणहून सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणाली. पोहण्याचं मात्र दोनदा विचारलं. मी घसा खाकरला, तेवढ्यात आत्या म्हणाली, "पोहतो म्हणजे काय? मासा आहे मासा!" मी गप्प बसलो. लग्नाला आज पाच आठवडे झाले, अजून गप्पच आहे.

मी बादलीतसुद्धा पाय जपून घालतो.

आणि सोडतीत आत्याला बक्षीस लागावं ते नेमकं कसलं? जहाजाची सहल. नऊ दिवस, चार किनारे! "मला बोट लागते, तुम्ही दोघं जा," म्हणाली. काल बंदरावर निरोप देताना हिच्या कानाशी लागून बराच वेळ कुजबुजली. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं?" तर म्हणे, "बायकांचं."

जहाजावर पोहण्याचा तलाव आहे. पण त्याच्या फरशा उखडल्यात, पाणीच नाही. ते संकट परस्पर टळलं. आज हे टळलं. राहिले तीन किनारे.

वाळूवर पडलेले जेलीफिश मोजले. दोनशे पावलांत एक्केचाळीस. टेप खिशात होताच — शिलाईच्या दुकानातून सुटलो तरी टेप सुटत नाही. हात न लावता एकाचं माप घेतलं. साडेनऊ इंच रुंद. काचेसारखा आरपार, आणि कडेला काय ती झालर! इतका गोल कट, इतक्या बारीक चुण्या आमच्या दुकानात कुणाच्या बापाला जमणार नाहीत. बायको शेजारी उकिडवी बसली.

"अहो, माप कसलं घेताय? झबलं शिवायचंय का त्याला?"

आणि हसली. समोरच्या एका दातावर दुसरा किंचित चढलाय, तो हसताना दिसतो. पाच आठवड्यांत आज नीट पाहिला.

५ मार्च, बुधवार

दिवसभर समुद्र. किनारा नाही. शांत झोपलो.

६ मार्च, गुरुवार

दुसरा किनारा. जांभळा झेंडा! जांभळा झेंडा! जांभळा झेंडा!

इथला जीवरक्षक बोलका आहे. जेलीफिशना स्वतःला फारसं कुठे जाता येत नाही म्हणे — वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जातात. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असला की ढकलले जातात. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही, डंख बसतो. मी सगळं टिपून घेतलं. तो म्हणाला, "इतकं कुणी विचारत नाही हो. आवड दिसतेय तुम्हांला." म्हटलं, "फार!" मनापासून म्हटलं.

आज दोनशे पावलांत त्रेसष्ट. एक तर चौदा इंची!

जेवणाच्या टेबलावर शेजारच्या खोलीतले निवृत्त मास्तर असतात. त्यांनी माझं नावच ठेवलं. "काय जेलीफिशवाले, परवा काय परिस्थिती?" मी रुमाल उंच धरून दाखवला — वारा असा असेल तर येतील, तसा असेल तर नाही. चार टेबलांवरची माणसं ऐकत होती. एका बाईंनी वहीत लिहून घेतलं! शाळेत माझ्या उत्तराला असा मान कधी मिळाला नाही.

बायको मात्र पाण्याच्या कडेला उभी राहते. फेस पायाला लागला की एक पाऊल मागे घेते. नजर लांब. पोहायला किती आसुसली असेल! मला वाईट वाटतं. वाईट वाटतं आणि झेंडा बघून बरंही वाटतं. एकाच वेळी दोन्ही कशी वाटतात कोण जाणे.

७ मार्च, शुक्रवार

रुमाल चार वेळा धरून पाहिला. वारा समुद्राकडून. वा!

८ मार्च, शनिवार

तिसऱ्या किनाऱ्यावरही झेंडा. पण आज उडी मारावीशी वाटली नाही.

आम्ही दगडावर बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्हांला एक सांगायचं राहिलंय. मला पोहता येत नाही."

ती लहान असताना धक्का आणि होडी यांच्या फटीत पडली होती. होडीवाल्यानं वेणी धरून वर ओढली. त्या दिवसापासून घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही.

"म्हणून ती अट घातली. म्हटलं, आपल्याला येत नाही तर निदान घरात एकाला तरी यावं." मग वाळूत बोटानं रेघा ओढत म्हणाली, "मला एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचंय. एकदाच. कुणीतरी हात धरून. किती वर्षं डोक्यात आहे."

आणि माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ.

मी "अगं, मला —" एवढं बोललो. तेवढ्यात मास्तर आले, "जेलीफिशवाले, आज किती भरले?"

मास्तर आले नसते तरी मी पुढचं बोललो नसतो. निदान इथे तरी खोटं कशाला लिहू?

आजवर वाटत होतं, खोटं उघडं पडलं तर फजिती होईल, एवढंच. आता ती माझ्या हाताच्या भरवशावर पाण्यात उतरणार आहे. माझ्या! शेवटचा किनारा अकराला. तोवर सांगितलंच पाहिजे.

मोजायचं राहिलं आज.

९ मार्च, रविवार

नुसतं बंदर आणि बाजार. मी सांगायचं ठरवूनच उतरलो होतो. पण बाईसाहेब गल्लीत शिरल्या त्या थेट छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात. बाहेर आली ती छत्रीच्या कापडाचे दोन तागे काखेत मारून. एक पिवळा, एक काळा — पांढऱ्या ठिपक्यांचा.

"तुम्ही शिंपी ना? मग अंगभर सूट शिवा. दोघांना. जेलीफिश चावला तर कापडाला चावेल, आपल्याला नाही. आता झेंडा असो नसो, उतरायचं."

झालं! माझाच धंदा माझ्यावर उलटला.

जहाजाच्या तळमजल्यावर एक म्हातारा शिंपी आहे, खलाशांचे कपडे शिवतो. सगळे त्याला मामा म्हणतात. त्यानं दुपारभर मशीन दिलं. कापडाला बोट लावून म्हणाला, "घसरतं हे. कुणाचं काम?" बायको म्हणाली, "जेलीफिशचं." मामानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बिनसाखरेचा चहा मागवला. नव्या जोडप्यांचं तो मनावर घेत नसावा.

खरं लिहितो. कापताना मनात आलं, एखादी शिवण कच्ची ठेवावी. पाण्यात पाय घालताच उसवेल, मग आपोआप परत फिरू. एक टाका सैल घातलासुद्धा. पण हात ऐकेनात! उसवला आणि पुन्हा घातला. दुहेरी शिवण, त्यावर मेणाचा हात. हे कापड ताणलं जात नाही, म्हणून सूट ऐसपैस ठेवले. सात वर्षं कात्री धरतोय, इतकं चांगलं काम आधी केलं नव्हतं.

ती शेजारी बसून हुकूम सोडत होती.

"मनगटाला रबर घट्ट घाला. घोट्यालाही. गळ्याला अजून घट्ट. हवासुद्धा जाता कामा नये."

"अगं, जेलीफिश काय हवेतून येतात?"

"घाला म्हणते ना!"

मामा म्हणाला, "घाला हो. गिऱ्हाईक बरोबर बोलतंय."

पाच तास गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. सुई ओवून देताना तिची बोटं लागत होती. तीन वेळा दोरा निसटला. माझ्या हातून!

१० मार्च, सोमवार

सकाळी ती न्हाणीघरात पाऊण तास होती. आतून पाण्याचे आवाज, मध्येच हसणं. बाहेर आली तेव्हा पिवळा सूट ओला. "धुतला," म्हणाली. नवाकोरा कपडा कोण धुतं?

दुपारी एका चिठ्ठीवर लिहिलं — मला पोहता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले, सगळे बरोबर. घडी करून खिशात ठेवली. चहाच्या वेळी खिशात हात घातला आणि टेप काढून दिला. "हे काय?" म्हणाली. "काही नाही," म्हटलं.

रुमाल धरला. वारा जमिनीकडून.

११ मार्च, मंगळवार

झेंडा हिरवा. दोनशे पावलांत शून्य. आणखी दोनशे चाललो. शून्य. गरज असली की एक येईल तर शपथ!

म्हटलं, "आता सूट कशाला?" ती म्हणाली, "शिवलेत ते घालायचे." घातले. सगळा किनारा आमच्याकडे बघायला लागला. मास्तर खुर्चीतून ओरडले, "जेलीफिशवाले, आज तुम्हीच का?"

घोटा. गुडघा. तिची नखं माझ्या तळहातात रुतलेली. कंबर. ती समोर बघून चालत होती, ओठ घट्ट मिटलेले. छातीपर्यंत पाणी आलं आणि ती अजून पाऊल टाकतेय! आता नाही सांगितलं तर या बाईला मी घेऊन बुडणार. थांबलो.

"मला पोहता येत नाही."

"काय? लाटेत ऐकू येत नाही!"

"मला पोहता येत नाही!"

"मोठ्यानं बोला!"

"मला! पोहता! येत! नाही! आत्या खोटं बोलली आणि मी गप्प बसलो!"

खुर्चीतले मास्तर उठून उभे राहिले. म्हणजे तिथपर्यंत ऐकू गेलं.

ती काही बोलणार तोच लाट आली. पायाखालची वाळू गेली. मेलो! एवढंच डोक्यात आलं.

पण बुडेना! सुटातली सगळी हवा वर चढली, पाठीवर टोपलीएवढा फुगा आला, आणि मी बुचासारखा वर! शेजारी ती — पिवळी, गोल, टम्म फुगलेली. हात हातात. दोघंही डुलतोय. लाट उचलते, लाट ठेवते. मी रडत होतो की हसत होतो, समुद्राचं पाणी तोंडात असताना कळत नाही.

"अरे, हात सोडू नकोस!" ती किंचाळली.

अरे! अहोचं अरे झालं! भर समुद्रात!

किनाऱ्यावरची पोरं "जेलीफिश! जेलीफिश!" म्हणून नाचत होती. जीवरक्षक फळी घेऊन पोहत आला. शिट्टी तोंडात होती, पण हसण्यापायी वाजवता येईना. "इतके मोठे पहिल्यांदाच पाहिले," म्हणाला. फळीला धरून राहा म्हणाला, तर ही म्हणते, "थांबा हो जरा. अजून थोडं." गळ्यापर्यंत पाणी. डोळे मिटलेले. तो चढलेला दात दिसत होता.

अकरा मिनिटं. घड्याळ लावून सांगतो. एका शिवणीतून हवा गेली नाही.

पण बाहेर आल्यापासून त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. केस पुसले, चहा प्यायली, गुणगुणली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी चिठ्ठी काढून पाहिली. घामानं ओली होऊन शाई पसरलीय, एक अक्षर वाचता येत नाही.

१२ मार्च, बुधवार

न राहवून विचारलं, "रागावली नाहीस?"

म्हणाली, "आत्यांनी बंदरावरच सांगितलं होतं. तू कधी सांगतोस, त्याचीच वाट बघत होते."

"मग पाण्यात कशाच्या भरवशावर उतरलीस?"

"तुझी शिवण टबात दाबून धरली होती. पाऊण तास. एक बुडबुडा आला नाही."