कागदाची माय

५ जानेवारी १९७९

भाऊजींचे आज फर्मान निघाले — "वैनी, औंदा नाटकात देवी पायजे. पाळीवरच्या मायसारखी. हुबेहूब!" लक्ष्मणराव दीर, शिवाय मंडळीचे मालक, दोन्ही नात्यांनी नाही म्हणता येत नाही. पंधरा वर्षे यांचे पडदे रंगवते आहे. राजवाडा, अरण्य, तुरुंग. तुरुंग सगळ्यांत चांगला जमतो.

११ जानेवारी

तलावाच्या पाळीवर जाऊन देवीची मापे घेतली. देऊळ एवढेसे — मी आत शिरले तर देवीला बाहेर यावे लागेल! काळा दगड, हातभर उंच. देवळाची चावी पुजारीण कौशल्याबाईच्या कमरेला. ती उंबऱ्यात बसून माझ्यावर नजर ठेवून.

"बाई, आमच्या मायचं नाक फेंदारं हाये जी. उगीच सुंदर नका करू!"

नाही केले. सुंदर करण्याची खोड मोडून फार वर्षे झाली.

२४ जानेवारी

कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वरून लाखेचे हात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. लाख इथल्या पळसांची, हात रंगूनचे. तिथे आमच्या घरामागे बाहुल्या करणाऱ्यांची गल्ली होती. वडील शब्दरूपे घोकायला बसवत, मी मागच्या दाराने पळे. संस्कृत आले, बाहुल्याही आल्या. पोट भरते बाहुल्यांवर.

त्या बाहुल्यांच्या बुडाशी मातीचा गोळा असे. ढकला, लोळवा — उठून उभी! सवयीने देवीच्याही बुडाशी घातला. आमचा महिषासुर प्रवेश घेतानाच अडखळतो, देवीला धक्का मारणारच. माझ्या लेकीने, सत्यवतीने, तिला पाच-सहा वेळा पाडून पाहिले आणि पोट धरून हसली. वीस वर्षांची घोडी!

डाव्या कानामागे लाखेचा ओघळ आला. राहू दे. मंचावर कोण कान बघतो.

१७ फेब्रुवारी

नाटक झाले. टाळ्या देवीला. नायक रुसला आहे.

२ मार्च

सामानाच्या खोलीत देवी नाही. भाऊजी म्हणाले, "मोडली वैनी. फेकली."

मोडली? ती?

६ मार्च

सत्यवतीचे लग्न ठरले — लाखांदूरचे घर, मुलगा मास्तर. नारळ घेऊन देवीला गेले. वाकले, मळवट भरला, आणि बोट डाव्या कानामागे गेले.

ओघळ.

मीच केलेल्या देवीपुढे मी नारळ धरून उभी! बाहेर कौशल्याबाई विचारते, "झालं का जी दर्शन?" झालं म्हटले.

'मूर्ती चोरली गेली.' कर्मणी प्रयोग. कर्ता सांगावा लागत नाही. वडील म्हणत, भाषेत प्रत्येक अडचणीची सोय असते.

७ मार्च

विचारले. भाऊजी लाजलेही नाहीत.

"नागपूरचा बाबूलाल हाये ना, त्याले जुने दगड लागते. देवळाचं कुलूप तर खिळ्यानंबी उघडते. गावाले देवी पायजे होती, गावाजवळ देवी हाये. कोणाचं काय गेलं?"

मी म्हटले, मी सांगेन.

"सांगा ना! पण बर्म्यातून आल्या तवा काय होतं तुमच्याजवळ? एक पेटी अन् ते पोरगी. माझा भाऊ तर वाटेतच गेला. दार कोणं उघडलं? मूर्ती तर तुमच्याच हातची. आता लाखांदूरवाल्याइले मी घर दाखवू का ठाणा?"

मी चहा टाकला. दोन कप. स्वतःचीच कीव आली, तरी साखर बरोबर पडली.

मुलीचे नाव सत्यवती मीच ठेवले होते. विनोदबुद्धी आहे मला.

२० मार्च

वर्षभर देवीला नुसते हळदीकुंकू. पाण्याचा थेंब नाही. पण चैत्राच्या पुनवेला कौशल्याबाई तिला डोक्यावर घेते आणि तलावात उतरून न्हाऊ घालते. अख्खे गाव काठावर. मी विसरलेच होते! तीच आज सांगत होती, "न्हाऊन आणली का आठ दिवस मान धरते जी. माय लय भारी."

उचलताच कळणार. आणि चावी तिच्याशिवाय कोणाकडेच नाही. गाव म्हणेल, हिनेच विकली.

धावत भाऊजींना सांगितले. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"हो. चावी तिच्याजवळच तर हाये."

म्हणजे हेही आधीच ठरलेले.

३० मार्च

साकोलीला ठाण्यात जायचे म्हणून निघाले. एसटीतून उतरले, ठाण्याच्या दारापर्यंत गेले. मग बाजारात गेले, सत्यवतीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि परत आले.

११ एप्रिल

उद्या. कौशल्याबाईने धुऊन वाळत घातलेले लुगडे दिसले. नवे आहे.

१२ एप्रिल

मध्यरात्र झाली. तरी लिहिते.

कौशल्याबाईने देवी उचलली — आणि थांबली. एक श्वासभरच. मग डोक्यावर घेतली आणि चालू लागली, दर वर्षीसारखी वाकून, मान ताठ धरून. मला वाटले, मीच चुकले. देवी दगडाचीच असेल!

कमरेएवढ्या पाण्यात तिने हात सोडले. देवी बुडाली नाही. कलंडली, लोळली, आणि उठून उभी राहिली. पाण्यावर! तोंड गावाकडे. लाट आली, पुन्हा लोळली, पुन्हा उभी.

"माय तरंगली! माय उभी झाली व!" बाया रडू लागल्या. पहिले लोटांगण भाऊजींचे, चिखलात. मंडळीत त्यांना कधी भूमिका का देत नाहीत ते कळले — फार करतात.

कौशल्याबाई वाचली. चोरही वाचला. पाण्यावर उभ्या राहिलेल्या देवीचा हरवलेला दगड आता कोण शोधणार?

माझे काम इतके चांगले कधी झाले नव्हते. कुणाला सांगू?

२५ एप्रिल

दूरदूरून लोक येत आहेत. नारळांचे ढीग. भाऊजी देवस्थान समितीचे अध्यक्ष झाले.

१९ मे

लग्न झाले. सत्यवती गेली. एसटीच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसला.

कौशल्याबाई आहेर घेऊन आली होती. जाताना हळूच म्हणाली, "औंदा मान नाई धरली जी."

एवढेच. मला वर बघवले नाही.

२ जून

भाऊजी आज गोडीत. "वैनी, आता एक गणपती. हायवेवरच्या देवळातला. बाबूलालची फर्माईश हाये. लगन झालं, आता कायची फिकर तुमाले?"

खरेच की.

९ जून

गणपती झाला. सोंड सुरेख आली आहे. भाऊजी खूष, आज संध्याकाळी नेतात. बुडाशी माती घातली नाही. लाखेचा एक हातही दिला नाही. नुसती खळ आणि रंग. त्या देवळात रोज पहाटे घागरीने अभिषेक होतो. भाऊजी देवळात पहाटे कधी गेलेले नाहीत.

कागदाचे असे काम जिल्ह्यात दुसरे कोणी करत नाही. पोलीस विचारत माझ्याकडेच येतील. या वेळी कर्ता सांगेन. पेटी भरून ठेवली आहे — बर्म्याहून आणलेली, तीच.